दरडीतली बाळंतीण

फ्रिजचं दार उघडून मी दुधाच्या पातेल्याकडे हात नेला, तेवढ्यात मोटर थरथरून बंद पडली आणि त्या शांततेत खालच्या कप्प्यातून आवाज आला. नखानं प्लास्टिक खरवडावं तसा. थांबला. पुन्हा आला.

रेवू खांद्यावर झोपली होती, रात्रभर रडून आत्ता कुठे. तिची मान सावरत मी वाकले. भाजीच्या टोपलीमागे एक पारदर्शक डबा होता. आमचा नव्हता, आमच्या डब्यांच्या बुडाला सासूबाई नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवतात. झाकणाला आतून वाफ धरली होती आणि त्या वाफेतून एक केसाळ पाय सावकाश फिरत होता, अंधारात माणूस भिंत चाचपतं तसा.

पायावरूनच मी तिला ओळखलं. उजवीकडचा पुढचा पाय, बाकीच्यांपेक्षा बारीक. कधीतरी तुटून नव्यानं फुटलेला.

"बाळंतीण," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले असेन, कारण रेवूनं झोपेतच हुंदका दिला.

हे नाव मीच ठेवलं होतं. आमच्या होमस्टेच्या मोरीमागे जांभ्याची दरड आहे, त्या दरडीत तिचं बीळ. टॅरंटुला म्हणतात तिला शिकलेले लोक. आमच्याकडे नुसतं 'मोठो कोळी'. मला पाचवा महिना होता तेव्हा डॉक्टरांनी जिना चढायला, विहिरीवर जायला, सगळ्याला बंदी केली. मग मी मोरीमागच्या दगडावर बसायची. दिवेलागणीला ती बिळाच्या तोंडाशी येऊन बसे, पुढचे पाय उंबऱ्यावर टेकल्यासारखे ठेवून. नवऱ्यानं, उदयनं, मोबाइलला लावायचं एक चिमुकलं भिंग आणून दिलं. ते लावून मी तिचे फोटो काढायला लागले. भिंग इतकं जवळ न्यावं लागायचं की माझा श्वास तिच्या केसांवरून जायचा आणि केस हलायचे. ती हलायची नाही. पुढे श्रावणात एकदा तिच्या मागे, आत अंधारात, पांढरट गाठोडं दिसलं. अंडी. माझी रेवू झाली आणि मी दीड महिन्यानं पुन्हा दगडावर जाऊन बसले, तोवर तिचीही झाली होती. तिळाएवढी पिल्लं, बिळाच्या भिंतीला चिकटलेली, तिच्या पायांखालून येणारी-जाणारी. ती त्यांना सोडून कुठे जात नव्हती. मी रेवूला पाजत तिच्याकडे बघत बसायची. दोघी घरात अडकलेल्या.

आणि आदल्या संध्याकाळी मी ती चिटणीस सरांना दाखवली होती.

निशिकांत चिटणीस. पुण्याहून दर वर्षी गणपतीनंतर दहा-बारा माणसं घेऊन यायचे, किडे आणि कोळ्यांचे जवळून फोटो कसे काढायचे ते शिकवायला. मोठं नाव. त्यांच्या शिबिरातल्या सगळ्यांच्या टी-शर्टवर पाठीमागे छापलेलं असायचं: 'हात लावायचा नाही.' पहिल्या दिवशी ओटीवर उभं राहून ते सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचे. किडा आहे तसा, आहे तिथे. आपण पाहुणे. मी चहाचे कप गोळा करता करता ऐकायची आणि मला बरं वाटायचं. म्हणून तर दाखवली.

"वहिनी, काय डोळा आहे तुम्हाला!" दरडीपाशी गुडघ्यावर बसून ते म्हणाले होते. "पिल्लांसकट! लोकांना आयुष्यात बघायला मिळत नाही हे."

"कुणाला सांगू नका हं सर. तिला त्रास नको."

"छे छे. फक्त बघू."

मी डबा उचलला. गार होता, आतली ओली टिश्यूसुद्धा. ओटीवर गेले तर सर आमच्याच जेवणाच्या टेबलावर मांडामांड करत होते. मागे काळं कापड, पुढे शेवाळ धरलेलं एक साल, दोन्ही बाजूंना पांढऱ्या डबड्यांत बसवलेले फ्लॅश.

"अरे वा, तुम्हीच आणलात," ते म्हणाले. "झाकण उघडू नका. गार आहे तोवर हलत नाही. पाच मिनिटं मिळतात."

"ही फ्रिजमध्ये कशी गेली?"

"वहिनी, सगळे करतात. कुणी कबूल करत नाही एवढंच." हसले. "एकावर एक रचायला तीसेक फोटो लागतात. पुढच्या दाढेपासून मागच्या केसापर्यंत सगळं लख्ख दिसायला हवं असेल, तर तिनं श्वाससुद्धा घेता कामा नये."

"बाहेर कशी आली ती? पिल्लं सोडून ती येत नाही."

सरांनी लेन्स पुसायला घेतली.

मी डबा टेबलावर ठेवला आणि रेवूला तशीच घेऊन मोरीमागे गेले. दरडीपाशी माझी पितळी कळशी आडवी पडली होती. बिळातून अजून पाणी झिरपत होतं, लाल. खाली चिखलात तिळासारखं काहीतरी सांडलेलं होतं. मी वाकून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

परत आले तेव्हा फ्लॅश उडत होते. ती सालीवर बसली होती, केसांवर फ्रिजमधलं पाणी बारीक थेंबांनी जमलेलं.

"काय दव आहे बघा!" शिबिरातलं कुणीतरी हळूच म्हणालं. त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, नुकताच उठून आला होता.

"पाणी ओतलंत तुम्ही," मी म्हणाले. "माझ्या कळशीनं."

"वहिनी, हळू. पोर उठेल."

"पिल्लं होती आत!"

उदय धावत आला. सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेऊन गेले, पण इतकंही बाजूला नाही की मला ऐकू येऊ नये. "उदयराव, वहिनींना जरा आराम द्या. बाळंतपणानंतर होतं असं. माझ्या बहिणीलाही झालं होतं, कशावरूनही रडायची. कोळी आहे हो. संध्याकाळी सोडतो मी तिला परत."

उदयनं माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. सगळा हंगाम ह्या माणसाच्या नावावर चालत होता आमचा, हे मलाही कळत होतं. पण तो जमिनीकडे बघत राहिला ते मी विसरले नाही.

सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. "कोळ्यासाठी रडतंस गे?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या पायांवरचा लाल चिखल बघितला आणि रेवूला माझ्याकडून घेतलं.

संध्याकाळी डबा पायरीवर होता. सर माणसं घेऊन पाणवठ्यावर बेडूक बघायला गेले होते. मीच तिला दरडीवर नेऊन सोडलं. ती बिळाच्या तोंडाशी गेली. आत गाळ भरला होता. बारीक पायानं तिनं गाळ चाचपला, एकदा, दोनदा, आणि तिथेच बसली. सकाळी पाय पोटाशी आवळून उलटी पडलेली होती. मुंग्या आल्या होत्या.

मी रडले नाही. रडणं बाळंतपणाचं असतं म्हणे.

दिवाळीच्या आधी पुण्याहून एक गुंडाळी आली. चिटणीस सरांचं कॅलेंडर. मे महिन्याच्या पानावर ती होती, शेवाळाच्या सालीवर, अंगभर दव लेवून. खाली छापलं होतं: 'राणी. जांभ्याच्या दरडीपाशी, बिळाबाहेर तीन पहाटा वाट पाहून निसर्गात टिपलेली.' ह्या फोटोला कुठलंसं मोठं बक्षीस मिळालं होतं. उदयनं कॅलेंडर जेवणघरात टांगलं आणि पान मे वरच ठेवलं, कारण पाहुणे तोच फोटो बघायला मागायचे.

"काढ ते," मी म्हटलं.

"अगं, आपल्या जागेचं नाव होतंय."

"मी वाढते तिथे. रोज."

"मग माझ्या जागेवर तू बस, मी वाढतो," तो म्हणाला. थट्टा केली त्यानं. पाठ भिंतीकडे करून मी वर्षभर जेवले.

बाळंतिणीची कात मला आठवली ती उन्हाळ्यात, माळा झाडताना. पेढ्यांच्या खोक्यात, कापसावर. अंडी घालायच्या खूप आधी, मला दिवस गेले त्या सुमाराला, तिनं ती टाकली होती. साप टाकतो तशी कोळीही कात टाकतो, पण कोळ्याची कात म्हणजे दुसरा कोळीच. पाय, केस, दाढा, डोळ्यांवरच्या काचासुद्धा. फक्त आत कुणी नाही. तिनं ती बिळातून ढकलून बाहेर टाकली होती आणि मी उचलून ठेवली होती. पुढचा उजवा पाय बारीक.

मी खोकं हातात घेऊन माळ्यावर बसून राहिले. खालून रेवू हाका मारत होती. 'आ' म्हणजे मी, 'आ' म्हणजे दूध, 'आ' म्हणजे सगळंच.

गणपती झाले. चिटणीस सर येणार ती तारीख ठरली. त्या आठवड्यात दुपारी रेवू निजली की मी काम करायची. वाळलेली कात कुरकुरीत असते, पाय हलवायला गेलं तर मोडतो. म्हणून मोदकपात्रात पाणी उकळून तिला वाफेवर ठेवली. पाच मिनिटांत पाय मऊ पडले. मग पुठ्ठ्यावर टाचण्यांच्या आधारानं एकेक पाय मांडला, पुढचे दोन उंबऱ्यावर टेकल्यासारखे. पाठीवरचं कवच कात टाकताना झाकणासारखं उघडतं. ते भाताच्या खळीनं चिकटवलं. मागचं पोट सुरकुतून गेलं होतं, पण त्याची काळजी नव्हती. बिळात बसलेल्या कोळ्याचं पोट दिसत नाही.

"काय करतंस?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"रांगोळी."

त्यांनी टाचण्यांकडे बघितलं, मोदकपात्राकडे बघितलं. "माज्या मोदकपात्रात कोळ्याक वाफवलंस?" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची कोळिष्टकं काठीला गुंडाळून त्यांनीच आणून दिली. बिळाच्या तोंडाला रेशमाची किनार असते. ती असल्याशिवाय कुणी फसलं नसतं. मी बिळातला गाळ चमच्यानं काढला, किनार लावली आणि तिला तिच्या घरात बसवली.

मागे सरून दगडावर बसले तर क्षणभर मीच फसले. ती परत आली होती.

त्या वर्षी सरांनी त्यांची मुलगी बरोबर आणली होती. मिहिका. सहा-सात वर्षांची, पुढचे दात पडलेली. आई कामासाठी परदेशी गेलेली, म्हणून. तिलाही तो टी-शर्ट होता, गुडघ्यापर्यंत. आल्या आल्या माझ्यामागे स्वयंपाकघरात. वेणी घालून द्या म्हणाली. बाबाला येत नाही, तो रबर लावतो तर केस तुटतात. मी वेणी घातली. रेवूला तिनं मांडीवर घेतलं आणि तिच्या कानात किड्यांची नावं सांगत बसली.

"माझ्या बाबाला सगळ्या किड्यांशी बोलता येतं," ती मला म्हणाली. "म्हणून ते त्याच्यासमोर हलत नाहीत."

मी शेंगा सोलत होते. सोलत राहिले.

मी ठरवलं होतं की दुसऱ्या दिवशी सहज बोलता बोलता सरांना सांगायचं. पण सांगावं लागलंच नाही. संध्याकाळ व्हायच्या आधी मोरीमागून किंचाळी आली.

"बाबाऽऽ! राणी! बाबा, तुझी राणी!"

ती दरडीसमोर उभी होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून, हात लावायचा नाही ना, आणि आनंदानं जागच्या जागी उड्या मारत होती. सगळे धावले. मीही गेले, रेवूला कडेवर घेऊन. त्या पोरीला सापडायची नव्हती ती. तिथे काही बोलता आलं असतं. सरांचा चेहरा बघितला आणि मी गप्प राहिले.

सर टॉर्च लावून वाकले. आधी तोंडावर शंका होती. मग त्यांनी तो पाय बघितला.

"थांबा," ते म्हणाले. "थांबा थांबा. हा पुढचा उजवा पाय बघा. बारीक आहे ना? कॅलेंडरवर बघा आत जाऊन, तोच. तीच आहे ही!" आणि वळून सगळ्यांसमोर माझ्याकडे हात केला. "वहिनी! म्हटलं होतं ना, तिला काही होणार नाही म्हणून? गेल्या वर्षी ह्या बाई माझ्यावर रागावल्या होत्या बरं का. त्यांना वाटलं, मी मारलं तिला. बघा, घरी परत आली. आता तरी माफ करा मला!"

सगळे हसले. मीही हसले.

"केलं," मी म्हणाले.

एका उत्साही माणसानं मोबाइलवर चित्रण सुरू केलं. सर मोबाइलकडे बघून बोलायला लागले. हे बघा, मी जवळ जातोय, पण हात लावत नाही. काडी नाही, पाणी नाही, फुंकर नाही. ही माझी आणि तिची ओळख आहे. माझ्या लेकीनं शोधलीय ही, बरं का, माझ्या लेकीनं. मिहिकाचे कान लाल झाले. तिपाई लावली, रुळावर कॅमेरा केसभर केसभर पुढे सरकवत ते फोटो काढत गेले. उजेड जाईपर्यंत.

"एक केस हलला नाही," उठताना ते म्हणाले. गुडघ्यांवर जांभ्याची लाल धूळ. डोळ्यांत खरंच पाणी होतं. "एवढी वर्षं करतोय, असा विश्वास कुठल्या जिवानं दाखवला नाही मला."

दिवेलागण झाली. जेवणाआधी ओटीवर पांढरी चादर लावून रोज ते दिवसभराचे फोटो दाखवायचे. त्या दिवशी एकच दाखवायचा होता. कॉम्प्युटरवर सगळे एकावर एक रचून झाले होते. मिहिका सगळ्यांच्या पुढे, सतरंजीवर मांडी घालून. सासूबाई कधी बसायच्या नाहीत, त्या दिवशी खुर्ची घेऊन बसल्या. उदय दाराशी.

चादरीवर ती आली. भिंतीएवढी. प्रत्येक केस वेगळा, दाढांवरची लालसर झाक, पायांच्या टोकांची नखं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"सर," मी मागून म्हणाले, "तिचे डोळे जवळून दाखवा ना."

"वहिनींना डोळ्यांचं भारी वेड," सर म्हणाले आणि फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.

आठ डोळे. चादरभर. काळे नव्हते ते. खिडकीच्या काचेसारखे होते, आणि त्यातल्या दोहोंमधून मागची लाल माती दिसत होती.

मला वाटतं, सरांना त्याच क्षणी कळलं. त्यांचा हात माउसवर तसाच राहिला. फोटो लहान करावा हेसुद्धा सुचलं नाही.

"हे आरपार कसं दिसतंय?" पुढे बसलेल्या एका बाईंनी विचारलं. डॉक्टर होत्या त्या, चष्मा वर करून बघत होत्या. "आणि कवचाच्या कडेला हे पांढरं काय आहे? चिकटलेलं?"

"भात," मी म्हणाले.

कुणीतरी हसलं आणि मग हसायचं थांबलं.

"भाताची खळ आहे ती. ही कात आहे, जिवंत कोळी नाही. मीच बसवली. राणी गेल्या वर्षीच गेली. सरांनी रात्री तिच्या बिळात माझ्या कळशीनं पाणी ओतलं, पिल्लं आत बुडाली. तिला माझ्या फ्रिजमध्ये ठेवली, भाजीच्या मागे. कॅलेंडरवरचं दव आमच्या फ्रिजचं आहे. वाट ह्याच टेबलावर बघितली त्यांनी, चहा पीत."

"खोटं आहे हे!" सर उभे राहिले. "उदयराव, काय चाललंय हे? ही बाई गेल्या वर्षीपासून... तुम्हाला माहीत आहे त्यांची मनःस्थिती."

उदयनं जमिनीकडे बघितलं. मग वर बघितलं. "कळशी मी धुतली होती सर," तो म्हणाला. "लाल चिखल होता तिला."

वर्षभरात त्यानं मला हे एकदाही सांगितलं नव्हतं.

"मला फसवलंत तुम्ही!" सरांचा आवाज चिरकला. "मी तिला हातसुद्धा लावला नाही आज! सगळ्यांनी बघितलंय, चित्रण आहे!"

"हो ना सर," मी म्हणाले. "आज नाही लावलात. लावला असतात तर लगेच कळलं असतं."

 चित्रण करणाऱ्या माणसानं मोबाइल काढून बघितला आणि पुन्हा खिशात ठेवला. डॉक्टरबाई उठल्या, त्यांनी आपला टी-शर्ट पाठीमागून ओढून सारखा केला, तिथली अक्षरं टोचत असावीत तशा. मग एकेक जण उठला. ताटं मांडून ठेवली होती, पण जेवायला फार जण आले नाहीत. चादरीवर ती तशीच होती, रिकाम्या डोळ्यांनी ओटीकडे बघत. शेवटी सासूबाईंनी जाऊन वायर काढली.

मला किती बरं वाटलं ते सांगते. छातीत वर्षभर गाळ भरला होता तो निघाला. स्वयंपाकघरात गेले, रेवूचं दूध तापत ठेवलं आणि कित्येक महिन्यांनी गुणगुणले. बाहेर गाड्यांची दारं वाजत होती. रात्रीच्या रात्री काही जण निघाले होते. सर गाडीच्या डिकीवर बसून होते, एकटे, तिपाई मांडीवर आडवी, आणि त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. खिडकीतून दिसत होते. मी खिडकी लावली नाही.

"काकू."

मिहिका दारात होती. वेणी सुटली होती. मला वाटलं, भूक लागली असेल.

"ये, दूध देऊ?"

तिनं मान हलवली. टी-शर्टची कड तोंडात धरून चघळत होती.  रेवू तिला बघून हात नाचवायला लागली, तर तिनं रेवूकडे बघितलंही नाही.

"पाणी बाबानंच ओतलं?"

"हो."

"मला त्यानं पण सांगितलं आत्ता. मी विचारलं." तिनं नाक हातानं पुसलं. "तो रडतोय. मी म्हटलं, सॉरी म्हण. तर तो म्हणाला, कुणाला म्हणू?"

दूध वर येत होतं. मी गॅस बारीक केला.

"तुम्ही त्याला सगळ्यांसमोर वाईट केलंत ना," ती म्हणाली. रागानं नाही, नुसतंच, शेंगा कशा सोलायच्या ते विचारावं तसं. "आता त्याला परत चांगला कोण करणार?"